अस्सल जर्मन

लीलाबाईंचा ज्याच्यावर जीव, त्याला त्या बोलणार. बोलणार म्हणजे चांगलं खरमरीत, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. मुलगा रत्नदीप चाळिशीला टेकला, सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधन करतो, हाताखाली सहा माणसं आहेत, पण पुंगोलच्या फ्लॅटमध्ये ओला टॉवेल पलंगावर टाकला की, "रत्न्या, तुमच्या त्या युनिव्हर्सिटीत टॉवेल वाळत घालायला शिकवत नाहीत का रे?" हे त्याला ऐकावं लागतंच. नऊ वर्षांची नात अदिती दिवसातून दोनदा ‘भवानी’ होते आणि एकदा ‘माझी बाय ती’. नाशिकरोडचं घर सांभाळायला मागे राहिलेले यजमान जगदीशराव रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बोलणी खातात, तीही त्यांच्या पाठीमागे ओट्यावर दिसणाऱ्या न विसळलेल्या कपावरून. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या चिनी आजोबांनाही लीलाबाईंनी दोनदा अस्खलित मराठीत दटावलं आहे, या वयात एवढी जड पिशवी कशाला उचलता म्हणून. आजोबा मान डोलावतात आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतात.

राहिली सून. अंजलीला मात्र त्या इथे राहायला आल्यापासून दोन महिन्यांत वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या. अंजलीने वरण लागू दिलं, तर "असू दे, वेगळी चव आली." ऑफिसातून यायला नऊ वाजले, तर "दमली असशील, बस." पोळ्या करायला गेली, तर "राहू दे गं, तुला कशाला त्रास." मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. अंजलीला वाटायचं, आपण आपल्याच घरात कुणाकडे तरी उतरलो आहोत आणि यजमानीणबाई फार चांगल्या आहेत. तिला एकदा, निदान त्या नाशिकरोडला परत जायच्या आधी एकदा, सासूबाईंची सणसणीत बोलणी खायची होती. ही इच्छा सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगितली तर तो म्हणाला, "माझी अर्धी घे."

तसं अगदी सुरुवातीपासून हे असं नव्हतं. पहिल्या आठवड्यात चहात आलं कमी पडल्यावरून अंजलीला थोडंसं, चवीपुरतं मिळालं होतं. मग ते पातेल्याचं झालं.

लीलाबाई नाशिकरोडच्या बुद्धविहारात दर पौर्णिमेला उभ्या राहून गोष्ट लावतात. गाऊन प्रवचन. मध्येच बोलतात, मध्येच गातात, मागच्या बायका ओळ धरतात, आणि वैशाखातल्या पौर्णिमेला सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली त्या गोष्टीपाशी आल्या की समोरच्या रांगेतली माणसं उपरण्याने डोळे पुसतात. त्या दिवशीची खीर लीलाबाई स्वतः ढवळतात. यंदा पौर्णिमा सिंगापुरात येणार होती. इथली मराठी बौद्ध मंडळी जुरोंग ईस्टला शुभा आणि हरीशच्या कॉन्डोतला हॉल घेऊन जमतात, साठेक माणसं. लीलाबाईंनी खीर आणि गोष्ट दोन्ही अंगावर घेतली, आणि सुनेला एवढंच म्हणाल्या, "मला एक मोठं जर्मनचं पातेलं आणून दे."

अंजलीने अर्धा दिवस रजा टाकली. जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये जाऊन तिने खास जर्मन बनावटीचं, तिहेरी बुडाचं, काचेच्या झाकणाचं, आरशासारखं लखलखीत स्टीलचं पातेलं आणलं. खोक्यावर झेंडासुद्धा होता. लीलाबाईंनी खोकं उघडलं, आत पाहिलं, झाकण हळूच परत ठेवलं. "छान आहे हो," म्हणाल्या. खोकं त्यांच्या पलंगाखाली गेलं ते तिथेच राहिलं. बोलणी त्या दिवसापासून बंद.

ज्यांच्या घरी जर्मनची भांडी होती, ती वाचकमंडळी एव्हाना गालातल्या गालात हसत असतील. त्यांनी जरा दम धरावा. अंजली ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नॉनस्टिकच्या जमान्यात वाढलेली. तिला अजून काहीच कळलेलं नाही.

तर, पौर्णिमा आठ दिवसांवर आली असताना शनिवारी सकाळी सहाला हरीशचा फोन आला. त्यांनी एका दिवसाच्या सहलीची चार तिकिटं काढली होती. मलेशियात, जोहोरच्या डोंगरात कुण्या हौशी बिल्डरने एक गाव वसवलंय तिथली. पण पोराला ताप. "सात वाजता पुंगोलला कोच येईल, नावं बदलून देतो म्हणालाय गाइड. जाता का? फुकट जातील नाहीतर."

रत्नदीपने अर्धवट झोपेत फोन अंजलीकडे दिला. अंजलीने विचारलं, "गाव कसलं?"

"एडेलबर्ग. जर्मन टाऊन. सगळं अस्सल जर्मन म्हणे."

अंजली आईंच्या खोलीच्या दारात गेली. जायचं म्हणून गेली, आशा नव्हतीच. प्राणिसंग्रहालयाला पाय दुखले होते, बागेला डोकं, समुद्राला ‘तुम्ही जाऊन या’. "आई, डोंगरावर एक जर्मन गाव आहे म्हणे. दिवसभराची ट्रिप. येता का?"

लीलाबाई अंथरुणात उठून बसल्या. "जर्मनचं गाव?"

"हो. अस्सल जर्मन."

"आणि आज जायचंय?"

"एका तासात."

लीलाबाई पस्तीस मिनिटांत तयार. मोरपंखी साडी, पायात बूट-मोजे, हातात दोन मोठ्या कापडी पिशव्या, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि सुतळीचं बंडल. "आई, सुतळी कशाला?" असं रत्नदीपने विचारलं, तर "तुझं तोंड बांधायला. पासपोर्ट घेतलेस का सगळ्यांचे?" आणि मग त्यांनी जे केलं त्याने अंजलीचा दिवस उजळून गेला. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं ध्यानात ठेवलंस गं."

काय ध्यानात ठेवलं ते अंजलीला समजलं नाही. पण ती पुढचा तासभर त्या हातावरच होती.

कोचमध्ये सासू-सुना शेजारी बसल्या, पुढच्या बाकावर बाप-लेक. वुडलँड्सचा नाका ओलांडला, पासपोर्टांवर शिक्के झाले, दोन्ही बाजूंना पामतेलाचे मळे सुरू झाले. लीलाबाई खिडकीतून बाहेर बघत, आनंदाने पिशवीच्या नाड्या गुंडाळत-सोडत होत्या.

"केवढं मोठं आहे गं ते?" त्यांनी विचारलं.

"मोठं असेल आई. अख्खं गावच जर्मन आहे."

"अख्खं गाव. बाई बाई." त्या थोडा वेळ ते मनात घोळवत राहिल्या. "जाड असतात का इथले?"

अंजलीला जरा विचार पडला. "असतील. खाऊन-पिऊन सुखी माणसं."

"आणि वाजवून बघू देतात?"

"वाजवतात ना. बँड असतो म्हणे दुपारी."

"बँड कशाला लावायचा त्यात," लीलाबाई म्हणाल्या. "मला कळतं बोटानं. मी लग्न होऊन आले ना, तेव्हा घरात चार जर्मन होते. दोन धाकट्या जावेनं वाटणीत नेले. एकाचं बूड गेलं. राहिला एक, तो अजून आहे. तुझे सासरे रोज त्यात अंघोळीचं पाणी तापवतात."

पुढच्या बाकावर रत्नदीपचे खांदे हलायला लागले. आधी हळूहळू, मग बाकासकट.

चहासाठी कोच थांबला तेव्हा अंजलीने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. "काय चाललंय? बूड काय? अंघोळ काय?"

"अगं, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम." डोळे पुसत रत्नदीप म्हणाला. "जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. आमच्याकडे तोच शब्द. आई भांडी घ्यायला निघालीय."

"ॲल्युमिनियम," अंजली म्हणाली. जणू हा धातू आजच ऐकला. खरं तर आंग मो किओच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात गेली सात वर्षं ती केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारांवरच पोट भरत होती. त्या तारेचा ताण, तिचं वाकणं, तिचं तुटणं यावर दोन तास बोलू शकली असती. त्याचं घरगुती नाव तेवढं तिला माहीत नव्हतं.

मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. "म्हणजे ते पातेलं?"

"कुठलं?"

"पलंगाखालचं, रत्नदीप."

रत्नदीपचं हसू थांबलं. "ते तू जर्मन म्हणून आणलं होतंस?"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, तुला ॲल्युमिनियम चालत नाही. तब्येतीला वगैरे वाईट असतं म्हणून."

"आणि आईंना काय वाटलं असेल?"

रत्नदीपने चहाच्या रांगेकडे पाहिलं. "तू सांगून टाक," म्हणाला.

"मी? आई तुझी आहे."

"बेत तुझा आहे. मी मध्ये पडलो की दोन्हीकडून खाणार." आणि हा सहा माणसांचा साहेब चहाच्या रांगेत पसार झाला.

अंजली परत येऊन बसली. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण लीलाबाईंनी तिच्यासाठी पदराखालून लसणाच्या चटणीची दशमी काढली, अर्धी तिला दिली, अर्धी स्वतः घेतली, आणि म्हणाल्या, "एक मोठं घेऊ आणि एक तुझ्यासाठी लहान, भाताला." दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी दशमी अशी मोडून दिली होती. अंजलीने ती खाल्ली आणि गप्प राहिली. पोटात दशमी आणि वर ते न सांगितलेलं, असं घेऊन ती घाट चढली.

एडेलबर्ग ढगात होतं. लाकडी कमान, तिच्यावर कोंबडा, चढणीचा फरसबंद रस्ता, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या फुल्या मारलेली घरं, आणि प्रत्येक खिडकीत कुंडीभर प्लास्टिकची लाल फुलं. फुगीर बाह्यांचे झगे घातलेल्या मलय पोरी कोंबडीचे सॉसेज विकत होत्या. चौकात घड्याळाचा मनोरा होता. तास वाजला की त्यातून लाकडी नवरा-बायको बाहेर यायची आणि एकमेकांना पाठ करून आत जायची. "यांचं जमत नाही वाटतं," लीलाबाई म्हणाल्या. मनोऱ्याखाली चामडी चड्डी घातलेला एक मध्यमवयीन चिनी गृहस्थ अकॉर्डियन वाजवत होता. त्याच्यापुढे मात्र त्या चांगल्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या, मान तिरकी करून.

"पेटी गळ्यात घेतलीय यानं. हात गोड आहे." मग आवाज खाली आणून, "पण एवढ्या थंडीत बिचाऱ्याला पुरती चड्डी तरी द्यायची."

अदिती म्हणाली, "आजी, इट्स ट्रॅडिशनल लाह."

"असू दे. गुडघे धरतील त्याचे."

मग दुकानं सुरू झाली. पहिल्यात घड्याळं, दुसऱ्यात चीज, तिसऱ्यात लाकडी बाहुल्या. लीलाबाई प्रत्येक दुकानात शिरायच्या, चारी भिंती बघायच्या, फळीखाली वाकून बघायच्या, बाहेर यायच्या. चौथ्यात झाकणाचे बिअरचे मग होते. त्यांनी एक उचलला, झाकणावर बोटाचं पेर वाजवलं, कानाशी धरलं. "कथील असेल," म्हणाल्या आणि ठेवून दिला. सातव्या दुकानाबाहेर त्या पायरीवर उभ्या राहिल्या. पिशव्यांच्या घड्या त्यांनी आणखी लहान केल्या.

"नसेल आवडलं तर…" अंजली म्हणाली.

"नाही नाही. छान आहे हो. किती छान." आणि वर, "तू एवढं आणलंस, तुला उगीच त्रास."

आला. तो ‘हो’ आला, तो त्रास आला. अंजलीला वाटलं, घाटातून खाली ढकललं असतं तर बरं झालं असतं. सकाळचा पाठीवरचा हात सातव्या दुकानाशी उतरला होता.

जेवायला ते पाटीवर डुक्कर नाचत असलेल्या आणि आत फक्त कोंबडी मिळत असलेल्या एका हॉटेलात बसले. रत्नदीपने एक नजर अंजलीच्या चेहऱ्याकडे टाकली, अदितीचा हात धरला आणि दोघं हात धुवायला गेले. फार वेळ गेले.

"आई, मला सांगायचंय."

"सांग की."

"इथे जर्मन मिळणार नाही."

"दिसतंय मला," लीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "आज बाजार नसेल."

"तसं नाही. हे जर्मन ते नव्हे. हे जर्मनी देशाचं जर्मन. तिकडची घरं, तिकडचं खाणं, त्याची नक्कल. मला सकाळी माहीत नव्हतं. रत्नदीपने मघाशी सांगितलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या खुशीत होतात, आणि…" तिला पुढे सुचेना. "आणि ते पातेलंही तसंच झालं. तुम्ही जर्मन म्हणालात, म्हणून मी जर्मनीचं शोधून आणलं."

लीलाबाईंनी हातातला कागदी रुमाल टेबलावर सपाट केला. "जर्मनी मला ठाऊक आहे. शाळेत नकाशात भरलाय मी. पण त्या देशाचा नि आपल्या पातेल्याचा काय संबंध? ते भांडीबाजारात मिळतं." मग थांबल्या. "त्या खोक्यावर झेंडा होता तो…"

"जर्मनीचा."

"मला वाटलं दुकानाचा."

बाहेर लाकडी नवरा-बायको एकमेकांना पाठ करून गेली.

"मला वाटलं, सुनेच्या घरात जर्मन चालत नाही," लीलाबाई म्हणाल्या. त्या अंजलीकडे न बघता बोलत होत्या. "आमच्या लहानपणी स्टील म्हणजे पाहुण्यांचं. आम्ही जर्मनमध्ये जेवायचो. शाळेत डबा उघडला की काही पोरी बघायच्या आणि सरकून बसायच्या. जर्मनचा डबा म्हटलं की घर कळायचं, वस्ती कळायची. तू ते चकचकीत आणलंस, तेव्हा वाटलं, हिनं तोंडानं न बोलता सांगितलं, इथे तुमचं ते नको. बरं, म्हटलं. तिचं घर आहे, आपण दोन दिवसांचे."

"दोन महिने झाले, आई."

"मग काय करायचं? तुझ्या घरात उभी राहून तुझ्याशी भांडू?"

"हो," अंजली म्हणाली. एवढ्या झटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. "भांडायचं ना. रत्नदीपशी भांडता, लिफ्टमधल्या आजोबांशी भांडता. मीच काय पाप केलं?"

लीलाबाईंनी आता तिच्याकडे नीट पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि एकदम बोट वर केलं. "थांब."

"काय झालं?"

"ऐक."

स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज आला. स्टीलसारखा खणखणीत नव्हे, पितळेसारखा घुमणारा नव्हे. बसक्या गळ्याचा, पोटातून आलेला, डब्ब. विहारात शेवटच्या रांगेत बसून पेटीचा एक सूर उतरलाय हे सांगणारा तो कान. लीलाबाई उठल्या. झगेवाल्या पोरीने "आंटी, नो एंट्री" म्हणेपर्यंत त्या मागच्या दारात पोहोचल्या होत्या, आणि त्यांच्या मागोमाग अंजली.

एका म्हाताऱ्या आचाऱ्याने बटाट्यांच्या भल्यामोठ्या पातेल्यावर झारा आपटला होता. ते पातेलं जर्मनचं होतं. शेजारचं सूपचं जर्मनचं. भिंतीशी उताणी-पालथी रचलेली आठ-दहा, पोचे आलेली, बुडाशी काळी, सगळी जर्मनची. पुढे दर्शनी भागात काय वाटेल ते असो, त्या जर्मन गावाचा अख्खा स्वयंपाक जर्मनमध्येच चालला होता.

"म्हणाली होती नाही मिळणार," लीलाबाई कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या. त्यांनी रचलेल्यातलं एक ओढलं, पेर वाजवलं, बाजूला केलं. दुसरं वाजवलं, बाजूला केलं. तिसऱ्यावर हात ठेवून आचाऱ्याकडे बघून हसल्या.

आचाऱ्याला हिंदी येत नव्हतं, लीलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. तोवर रत्नदीप आणि अदिती शोधत आले. लीलाबाईंनी मुलाला आपादमस्तक न्याहाळलं. त्याच्या अंगात कुठल्याशा परिषदेत मिळालेलं निळं जॅकेट होतं. "काढ ते."

"आई?"

"काढ म्हणते ना. चार वर्षं तेच घालतोयस. भांडं काय फुकट देईल तो?" आयुष्यभर दारावरच्या बोहारणींकडून जुन्या कपड्यांवर नवी भांडी घेताना त्यांनी कधी हार खाल्ली नव्हती. आज दार दुसऱ्याचं होतं, एवढाच फरक. त्यांनी जॅकेट हातात घेतलं, चेन वरखाली करून दाखवली, आतलं अस्तर उलटून दाखवलं, बाहेर ढगाकडे बोट केलं, स्वतः कुडकुडून दाखवलं.

अदितीने दुभाषाचं काम अंगावर घेतलं. "अंकल, माय ग्रँडमा वाँट टु चेंज. जॅकेट फॉर पॉट. कॅन?"

आचाऱ्याने जॅकेटची बाही चाचपली. पातेल्याकडे पाहिलं. "कव्हर ऑल्सो?" लीलाबाईंना शब्द कळला नाही, पण झाकणाची गोष्ट निघालीय हे बरोबर कळलं, आणि त्यांनी झाकण केव्हाच उचललेलं होतं.

"कॅन, कॅन," आचारी म्हणाला.

परतीच्या वाटेवर कोचातला एसी जोरात होता. रत्नदीप स्वतःलाच मिठी मारून बसला होता. पातेलं एवढं मोठं की वरच्या फळीवर मावेना. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून ते अंजलीच्या मांडीवर आलं. लीलाबाई तृप्त होत्या. त्यांनी आल्याचा एक तुकडा चघळायला घेतला आणि पौर्णिमेचा हिशेब लावायला लागल्या, दूध किती, तांदूळ कुठला. आदल्या दिवशीच पुंगोलला घरी खीर करायची, सकाळी कोमट करून न्यायची.

अंजली बुडावरून हात फिरवत होती. गुळगुळीत, जाड, अस्सल ॲल्युमिनियम. आणि सात वर्षं ज्या धातूवर पोट भरलं त्याच्याबद्दलची अगदी पहिली, शाळकरी गोष्ट तिच्या डोक्यात आत्ता आली. सकाळसारखं गप्प बसावं असं वाटलं. लीलाबाई वेलदोड्यांवर आल्या होत्या, चेहरा कसा उजळला होता.

"आई," ती म्हणाली. "हे आपल्या शेगडीवर तापणार नाही."

"कोणतं?"

"हे पातेलं. आपल्याकडे गॅस नाही, इंडक्शन आहे. त्याला लोखंड लागतं, चुंबक चिकटेल असं. ॲल्युमिनियम त्यावर कितीही वेळ ठेवा, गारच राहणार."

लीलाबाईंनी तोंडातलं आलं एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. अंजलीने डोळे मिटले.

"आणि हे तू मला आता सांगतेस," लीलाबाई म्हणाल्या. "घाट उतरल्यावर. पोराच्या अंगावरचं जॅकेट गेल्यावर. तिथे त्या आचाऱ्यापुढे मी एवढी तोंड वाजवत होते, तेव्हा काय बटाटे मोजत होतीस? इंजिनिअर म्हणवते. रोज म्हणे त्याच्या तारा ओढते. तारा ओढून डोकं पण तारेसारखंच झालं का? साठ माणसं येणार, आणि हिचं पातेलं गार. माझ्या नाशिकरोडच्या शेजारणीची सविता आठवीत नापास झाली, तिलाही कळतं कशावर काय ठेवायचं."

पुढच्या बाकावर रत्नदीप वळून बघायला लागला, तशी अंजलीने त्याला हाताने समोर बघ म्हणून खूण केली. तिला यातला एक शब्दही वाटून घ्यायचा नव्हता.

"हसतेस काय? मी काय गोष्ट लावलीय?"

"नाही आई."

"मग फोन काढ. त्या शुभाकडे गॅस आहे का विचार. आणि तिला पोराचा ताप आधी विचार, नाहीतर तशीच सुरू होशील भांड्यावर."

शुभाकडे गॅस होता. पोराचा ताप उतरला होता. पातेलं पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एमआरटी मेट्रोने जुरोंग ईस्टला न्यायचं ठरलं, आणि ते कोण उचलणार यावरून रत्नदीपलाही त्याचा वाटा मिळाला.

वुडलँड्सला रांग लांब होती. तपासणीच्या पट्ट्यावरून पातेलं आत गेलं, बाहेर आलं. अधिकाऱ्याने कागद जरा बाजूला सारून विचारलं, हे काय. "जर्मन," लीलाबाई ठामपणे म्हणाल्या. त्याने काळ्या बुडाकडे पाहिलं, लीलाबाईंकडे पाहिलं आणि पुढे जायची खूण केली.

पासपोर्टच्या खिडकीसमोर पुन्हा रांग. लीलाबाई एकदम अंजलीकडे वळल्या. "पौर्णिमेला माझ्यामागे धरायला कोण आहे इथे? तिकडे सरोजिनी असते."

"मला गाता येत नाही, आई."

"गायला कोण सांगतंय? मी टाकेन ती ओळ उचलायची." आणि तिथेच, पिवळ्या रेघेच्या अलीकडे, हलक्या आवाजात त्यांनी ओळ टाकली:

*दूध आटलं, भात विरला, हात थांबला नाही…*

अंजलीने इकडेतिकडे पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं.

"तोंड उघड. ऑफिसात मीटिंगला अशीच बोलतेस का? म्हणूनच नऊ वाजतात तुला."

पुढची दोन माणसं वळली. अदितीने टोपी डोळ्यांवर ओढली. "आजी, सो पाइसेह लाह," ती पुटपुटली. इथल्या पोरांना लाज वाटली की ती असं म्हणतात.

"पैसे कसले? पैसे कुठे घेतले त्यानं, जॅकेट घेतलं," लीलाबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या पाठीत एक हलकीच चापट मारली. "हं. पुढची."

*सुजाता म्हणे, भुकेल्याहून थोर पाहुणा नाही…*

रांग पुढे सरकली. रत्नदीपने कुडकुडत पातेलं उचललं, आणि अंजलीने ओळ उचलली. या वेळी चांगली चढ्या आवाजात, आणि बरीचशी बेसूर.